जाडे पोहे आणि पर्पज ऑफ व्हिजिट

८ मे २००५, रविवार. स्वोर्ड्स, डब्लिन.

रोजनिशी आजपासून नियमित. येऊन आठवडा झाला, एक ओळ लिहिली नाही. आधी पाहावं, मग लिहावं, हे कारण. (खरं कारण: बहिणीकडची, वृंदाकडची, गादी फार मऊ आहे. रोजनिशीत खोटं लिहायचं नाही हा नियम, म्हणून नोंद.)

काल इथल्या मराठी मंडळींची पिकनिक. वृंदाने एका बाईंशी ओळख करून दिली. यामिनी मुजुमदार. वय एक्केचाळीस, फिजिओथेरपिस्ट, नोकरी सीमेपलीकडे न्यूरी गावात. न्यूरी म्हणजे नॉर्दर्न आयर्लंड, म्हणजे ब्रिटन. बेट एक, देश दोन. अमरावतीत बी.ए.च्या मुलांना हे मी वीस वर्षं फळ्यावर काढून दाखवतोय. यामिनीबाईंनाही थोडक्यात सांगितलं. थोडक्यात म्हणजे त्यांचा बटाटेवडा गार झाला. शेवटी त्यांनी विचारलं, तुम्ही मुलांना नद्या शिकवता, की पाठ करून घेता? आणि हसल्या.

प्रश्न चांगला होता. उत्तर अजून शोधतोय.

लग्नाबिग्नाचा विचार माझ्या मनात नाही. सेहेचाळिसाव्या वर्षी तो नसावाच.

१० मे, मंगळवार

सकाळी चहा देताना वृंदा म्हणाली, दादा, मी यामिनीच्या आईशी बोलले. आई म्हणजे शकुंतलाबाई, सध्या मुलीकडे आल्या आहेत. येत्या अठ्ठावीसला, शनिवारी, आपण न्यूरीला जायचं. रीतसर. मी विचारलं, रीतसर म्हणजे? ती म्हणाली, म्हणजे तू नवा शर्ट घालायचास आणि हिमनद्यांबद्दल बोलायचं नाही.

होकार दिला. भूगोलाच्या दृष्टीने. आंतरराष्ट्रीय सीमा रस्त्याने ओलांडायची संधी भूगोलाच्या प्राध्यापकाने सोडू नये. यामिनीबाई वाटेत आहेत, इतकंच.

वृंदाने एक गोष्ट दोनदा सांगितली. त्यांची नोकरी तिथे पक्की आहे, त्या भारतात परतणार नाहीत. ज्याला लग्न करायचंय त्यालाच इकडे यावं लागेल. येशील का, नीट विचार कर. म्हटलं, करतो. मोकळ्या मनाने.

संध्याकाळी प्रकाशला, म्हणजे वृंदाच्या नवऱ्याला, सहज विचारलं, की इकडच्या शाळांत भूगोलाचे शिक्षक कमी पडतात का. निव्वळ माहिती म्हणून.

१३ मे, शुक्रवार

एक अडचण. व्हिसे दोन्ही आहेत. आयर्लंडचा व्हिजिटर व्हिसा मल्टिपल एंट्रीचा, प्रकाशच्या आग्रहामुळे. ब्रिटनचाही व्हिजिटर व्हिसा मुंबईतूनच घेतलाय, कारण तिकडच्या किनाऱ्यावरचे बसाल्टचे खांब पाहायचे होते. अर्जात उद्देश लिहिला होता: टुरिझम. आणि आता चाललोय मुलगी पाहायला. सीमेवर अधिकाऱ्याने ‘पर्पज ऑफ व्हिजिट’ विचारलं तर? मुलगी पाहायला जाणारा माणूस टुरिस्ट असतो का? पाहणं दोन्हीकडे आहे. पण टुरिस्टाला पाहिलेली वस्तू घरी न्यायची नसते.

प्रकाश म्हणाला, दादा, कोणी काही विचारत नाही हो. तिकडे जाताना बॉर्डरवर कुत्रंसुद्धा नसतं. फार तर येताना एखाद्या वेळी गार्डा गाडी थांबवतो. (गार्डा म्हणजे इकडचा पोलीस.) येतानाचं नंतर बघू. जातानाचं महत्त्वाचं. प्रकाश ग्रँड कॅनाल डॉकला सॉफ्टवेअरमध्ये आहे. ह्या लोकांना पासवर्ड विसरण्यापलीकडे कशाची भीती नसते.

सीमा आहे म्हणजे अधिकारी असणारच. माझ्या नोट्समध्ये तसं आहे.

१५ मे, रविवार

अधिकाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं. त्याला भीती एकच: हा माणूस इथेच राहून जाईल. त्यातून बिनलग्नाचा. म्हणजे मागे ओढ नाही. तर ओढ सिद्ध केली पाहिजे. दुपारभर बसून उत्तरं इंग्रजीत तयार केली. गाभा असा: माझी कायम नोकरी आहे. अमरावतीत स्वतःचं घर आहे. घरात आई आहे, अंगणात लिंबाचं झाड आहे. तुमच्या देशात राहण्याचा माझा यत्किंचितही इरादा नाही. मी त्याच दिवशी परत जाईन.

यात खोटं काय? नोकरी आहे, घर आहे, आई आहे, झाड आहे. ‘यत्किंचितही’ या शब्दाशी थोडा अडलो. दोनदा खोडला. मग ठेवला. वाक्याला वजन येतं.

फाइल केली. प्रिन्सिपलांचं रजेचं पत्र, परतीचं तिकीट, घरपट्टीची पावती, आईसोबतचा फोटो. त्यात झाडही आलंय.

१८ मे, बुधवार

रंगीत तालीम. अधिकारी म्हणून भाची भार्गवी, वय अकरा. मराठी सगळं समजतं, बोलते आयरिश इंग्रजी. इस्त्रीच्या टेबलामागे बसली, शिक्का म्हणून स्टेपलर. पर्पज? मी सुरुवात केली की पर्यटन या संज्ञेचा व्यापक अर्थ घेतला तर. तिने स्टेपलर आपटला. मामा, दॅट्स नॉट अ‍ॅन आन्सर, दॅट्स होमवर्क. रिफ्यूज्ड.

पुन्हा. पुन्हा रिफ्यूज्ड. तिसऱ्यांदा तिने आतल्या खोलीकडे तोंड करून आईला ओरडून सांगितलं, युअर मॅन इज स्वेटिंग. ‘युअर मॅन’ म्हणजे इकडच्या भाषेत ‘तो प्राणी’.

घाम नव्हता. हीटर चालू होता.

संकल्प: उत्तरं लहान. विचार न करता. विचार दिसला की संशय येतो.

२२ मे, रविवार

प्रगती उत्तम. आता प्रश्न कानावर पडायचा अवकाश, उत्तर आपोआप येतं. सकाळी वृंदाने बाथरूमचं दार वाजवून विचारलं, दादा, किती वेळ? आतून म्हणालो, सिक्स अवर्स ओन्ली, सेम डे रिटर्न. जेवताना तिने विचारलं, आणखी भात? नो, मॅडम, आय हॅव नो सच इन्टेन्शन. प्रकाशला ठसका लागला. वृंदा म्हणाली, दादा, हे तिकडे जाऊन नको हं करूस.

तिकडे जाऊनच तर करायचंय. वृंदा हुशार आहे पण कधीकधी मुद्दा निसटतो.

२५ मे, बुधवार

रेनकोट घेतला. चांगला आहे, आतून अस्तर. दुकानदारीण म्हणाली पाच-सहा हिवाळे सहज जातील. मी पंधरवड्यात परत चाललोय हे तिला सांगितलं नाही. तिने विचारलं नव्हतं. वृंदाने पिशवी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि किचनमध्ये गेली. अमरावतीतही पाऊस पडतो.

२७ मे, शुक्रवार

शकुंतलाबाईंचा फोन. न्यूरीत जाडे पोहे मिळत नाहीत, पातळ पोह्यांचा लगदा होतो; तुमच्या डब्लिनच्या इंडियन दुकानातून येताना किलोभर घेऊन याल का? वृंदा फोन ठेवून हसत सुटली. बघण्याच्या कार्यक्रमाचे पोहे मुलाकडचे नेतात, हे ती पहिल्यांदाच पाहत होती म्हणाली.

मला वेगळीच काळजी. पोहे हा अन्नपदार्थ आहे. एका देशातून दुसऱ्या देशात. डिक्लेअर करायचे का? केले तर अधिकारी विचारणार, हे कशासाठी? मग पोह्यांचा उद्देश सांगावा लागेल आणि त्यातून माझा बाहेर येईल. प्रकाशचं मत: डिकीत छत्रीखाली टाका. मी ठाम नकार दिला. पोहे मांडीवर. उघड्यावर. लपवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

२८ मे, शनिवार, सकाळ

चौघंही निघतोय. नवा शर्ट, रेनकोट, फाइल, पोहे. मन पूर्ण शांत. दाढी करताना दोन ठिकाणी कापलं, ब्लेड नवं.

२८ मे, संध्याकाळ. बाहेर अजून लख्ख ऊन.

सविस्तर लिहितो.

जाताना: डंडॉक गाव मागे पडल्यावर मी फाइलमधली कागदपत्रं शेवटची क्रमाने लावायला घेतली. लावून झाल्यावर प्रकाशला विचारलं, बॉर्डर किती लांब? तो म्हणाला, दादा, मघाशीच गेली. ते स्पीडचे बोर्ड किलोमीटरचे होते ते मैलांचे झाले ना, तिथे. मी काचेतून मागे वळून पाहिलं. मागे मेंढ्या होत्या. पुढेही मेंढ्या होत्या. गाडी मागे घेता येईल का, असं विचारलं. नाही म्हणाला.

वीस वर्षं शिकवतोय. खाली मान घालून ओलांडली. असो.

पण मन थोडं अस्वस्थ राहिलं. इतकी तयारी आणि विचारलं कोणीच नाही. शिंक यावी आणि येऊ नये, तसं.

न्यूरी: छान घर, मागे टेकडी. शकुंतलाबाई साताऱ्याच्या, मोकळ्या बोलण्याच्या. पोह्यांची पिशवी हातात घेऊन म्हणाल्या, अगंबाई, आणलेत की! मग लगेच पोहे झाले. उत्तम. वरून खोबरं, कोथिंबीर. यामिनीबाईंनी माझ्या गालावरच्या कापसाकडे पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. हे मला आवडलं.

थोड्या वेळाने बाकीचे टेकडी पाहायला मागे गेले. आम्ही दोघंच. समोर टेबल. टेबलापलीकडे त्या. त्यांनी विचारलं, मोरेश्वर, खरं सांगा, इकडे का आलात?

टुरिझम, मी म्हणालो. लगेच. अजिबात न अडखळता.

त्या हसल्या. पुढचा प्रश्न: इकडे राहायला आवडेल तुम्हाला?

इथे मला कबूल केलं पाहिजे की माझं इंग्रजी त्या क्षणी फार सुंदर झालं होतं. नो, मॅडम. आय हॅव नो इन्टेन्शन व्हॉट्सोएव्हर टु रिमेन इन युअर कंट्री. कायम नोकरी, घर, आई, लिंबाचं झाड, सगळं क्रमाने. फाइल हातातच होती, तीही दिली. त्यांनी पानं उलटली. आईच्या फोटोपाशी थांबल्या. म्हणाल्या, झाड छान आहे. फाइल मिटून दोन्ही हातांनी परत दिली.

एकही उत्तर चुकलं नाही. भार्गवीने आज शिक्का मारला असता.

निघताना शकुंतलाबाईंनी उरलेले अर्धा किलो पोहे पिशवीसकट परत दिले. आम्हाला दोघींना इतके कशाला, तुम्हीच ठेवा. गाडीत बसल्यावर वृंदा पिशवीकडे पाहत राहिली. तिला ते चांगलं चिन्ह वाटेना. मला तर काटकसरी घर वाटलं.

येताना: डंडॉकच्या अलीकडे गार्डाने गाडी थांबवली. खरोखरचा अधिकारी! टोपी, पिवळं जाकीट, लाल भुवया. पासपोर्ट मागितले. माझा उघडून खाली वाकून म्हणाला, नॉर्थला काय काम काढलंत?

आणि माझ्याजवळ काही नव्हतं. तयारी केली होती जातानाची. ब्रिटनची उत्तरं ब्रिटनमध्ये संपली होती. आयर्लंडचा माणूस आयर्लंडमध्ये शिरताना हे विचारेल याचा मी विचारच केला नव्हता. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, की एका बाईंना पाहायला गेलो होतो. लग्नासाठी.

गार्डाने भुवया वर केल्या. मग? कशा आहेत?

मी सांगितलं. की त्या प्रश्न विचारून हसतात, पण आपल्याला हसत नाहीत. मी नद्या शिकवतो की पाठ करून घेतो, असं त्यांनी विचारलं होतं, आणि मी वीस वर्षं पाठच करून घेतोय, हे मला आत्ता, ह्या रस्त्यावर, कळलं. मागच्या गाडीने हॉर्न दिला. गार्डाने तिला हातानेच थांब म्हटलं. विचारलं, आणि त्या हो म्हणाल्या तर येशील का इकडे राहायला?

येईन, म्हणालो. उद्या येईन. रेनकोट घेतलाय.

प्रकाशने डोकं स्टिअरिंगवर टेकलं. गार्डाने पासपोर्ट परत दिला. म्हणाला, ह्या व्हिसावर नाही हं, त्याला वेगळा लागतो. मग खिडकीच्या कडेवर दोनदा थाप मारून म्हणाला, बेस्ट ऑफ लक टु यू.

डंडॉक मागे पडलं. मग मागून वृंदा म्हणाली, दादा, हे तिला सांगितलंस ना? मी म्हणालो, तिथे प्रश्न वेगळ्या स्वरूपात आला होता. काय विचारलं तिने? इकडे राहायला आवडेल का, असं. आणि तू काय म्हणालास? सांगितलं. फाइलसकट सांगितलं.

वृंदाने खिडकीबाहेर तोंड केलं. भार्गवी म्हणाली, ओ, मामा.

२९ मे, रविवार

शांतपणे विचार केला. माझं चुकलेलं नाही. अधिकाऱ्यासमोर खरं बोलणं कर्तव्य आहे आणि मी खरं बोललो. घरगुती बोलण्यात थोडा संकोच माणूस धरतोच. यामिनीबाई समजूतदार आहेत. ओळी वाचून त्यामागचा माणूस ओळखतील.

ओळी कुठल्या वाचल्या त्यांनी? घरपट्टीच्या.

३० मे, सोमवार

शकुंतलाबाईंचा फोन आला. वृंदाने घेतला, मी जिन्यात उभा. यामिनी म्हणते, माणूस सरळ आहे. आम्हा दोघींना आवडला. पण त्यांचं सगळं तिकडेच आहे हो, त्यांनी स्पष्टच सांगितलं. रुजलेलं झाड आपण उगाच कशाला उपटायचं?

वृंदाने फोन ठेवला आणि म्हणाली, तू फोन कर. आत्ता. त्या पोलिसाला सांगितलंस तेच सांग. मी म्हणालो, करतो. आत्ता त्या ड्युटीवर असतील.

१ जून, बुधवार

फोन उद्या. आज काय बोलायचं ते नीट ठरवतोय. मग आठवलं, ठरवूनच घोटाळा झाला होता. तेव्हा काही ठरवायचं नाही. हे ठरवलं.

३ जून, शुक्रवार

वृंदा आज बोलत नाही. प्रकाश म्हणाला, दादा, नंबर लावून देऊ का? मी म्हणालो, शुक्रवारी माणूस थकलेला असतो. कोण थकलेलं, त्याने विचारलं. रोख बरोबर होता.

६ जून, सोमवार

आज इकडे बँक हॉलिडे. सुट्टीच्या दिवशी लोकांना त्रास देऊ नये. (सुट्टी फक्त सीमेच्या ह्या बाजूला आहे, न्यूरीला नाही. म्हणजे त्या ड्युटीवर. तरीही देऊ नये.)

भार्गवीने इस्त्रीचं टेबल पुन्हा मांडलं. मला समोर बसवलं आणि स्टेपलर बाजूला ठेवला. डू यू लाइक हर, मामा? येस ऑर नो. मी म्हणालो, हो. मराठीत. तिने माझ्या हाताच्या पंजावर बोटाने शिक्का मारला. म्हणाली, सी? ग्रँड. नाऊ रिंग हर.

उद्या नक्की.

९ जून, गुरुवार. डब्लिन विमानतळ, सकाळ.

सिक्युरिटीच्या अलीकडे फोन बूथ आहे. वृंदाने हातात नाणी कोंबली आणि प्रकाशला घेऊन मुद्दाम लांब जाऊन उभी राहिली. केला फोन.

त्यांनीच उचलला. मी नाव सांगितलं. आवाजात आनंद वाटला. मला वाटलं असेल. म्हणाल्या, अहो, बोला ना, काय म्हणता? कशासाठी फोन केलात?

पर्पज.

सगळं अगदी ओठावर होतं. नद्यांचं, गार्डाचं, रेनकोटचं. त्या थांबल्या होत्या. चांगल्याच थांबल्या होत्या.

सहजच, मी म्हणालो. आज निघतोय, म्हणून.

अच्छा, त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, बरं. सुखरूप जा. आईंना नमस्कार सांगा. झाडालाही.

वृंदाने लांबून हातानेच विचारलं, काय झालं? मी हातानेच सांगितलं, उत्तम.

१२ जून, रविवार. अमरावती.

परत. इरादा होता तसा. मुंबईला पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्याने मान वर करूनही पाहिलं नाही.

बॅग उघडली तर कपड्यांच्या मध्ये जाड्या पोह्यांची पिशवी. इथे कोपऱ्यावरच्या दुकानात पोत्यांनी मिळतात ते. आत कशी आली, माहीत नाही. (आणून ठेवली होती. नियम आहे म्हणून नोंद.) आईने लगेच त्यांचेच पोहे केले, अंगणातलं लिंबू पिळलं. खाता खाता म्हणाली, बरे हायेत रे मोरू. तिकडचे काय? मी म्हणालो, इकडचेच. तिकडं जाऊन आलेले.

मग जाऊन कायले आले, ती म्हणाली.

कस्टम्सला मी ते डिक्लेअर केले नव्हते. विचारलं तर काय सांगायचं, ते ठरत नव्हतं.